थांबलेलं हृदय आणि जिवाचा ठाव

आमच्या पातुरात शेवटची घटका आली असं वाटलं की माणसाला खाटेवरून खाली घेतात. तोंडात गंगाजल, वर तुळशीचं पान. कुणी म्हातारी नाकाशी कापूस धरते आणि म्हणते, "धुगधुगी हाये का पाहा." नंतर दहा दिवस संध्याकाळी मला ज्ञानेश्वरी घेऊन बोलावतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हीच माझी सेवा. तिथं कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, छातीची धडधड बंद झाल्यावर जीव कुठी राह्यते?"

ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात वसतो असं गीता सांगते, म्हणून विचारणाऱ्याचा हात स्वतःच्या छातीवर असतो. पण फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एकाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं. रुग्ण काही तासच जगला. पुढं १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ते साधलं. परकं हृदय घेऊन माणूस आपल्या घरी गेला आणि तो तोच राहिला. त्याच वर्षीच्या कायद्यानं मेंदूचा देठ निकामी झाला तर तो मृत्यू मानला, भले हृदय चालू असो. गीतेतलं हृदय म्हणजे हा मांसाचा स्नायू नव्हे, हे मला पूर्ण पटलेलं आहे.

मग हृदय थांबून परत आलेली माणसं काय सांगतात? डॉ. सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात १५ रुग्णालयांतल्या २०६० घटना होत्या. आत्मा वरून पाहत असेल तर दिसावीत म्हणून छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली होती. वाचलेल्यांपैकी दोघांनीच त्या वेळचं पाहिलेलं-ऐकलेलं सांगितलं, आणि त्यांचं हृदय जिथं बंद पडलं तिथं फळीच नव्हती. आपल्याकडे सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये भारतीयांचे अनुभव मांडले. त्यांत यमदूत येतात, चुकीच्या माणसाला नेतात, चूक कळल्यावर परत पाठवतात. पाश्चात्त्यांना मात्र उजेड आणि गेलेले आप्त भेटतात. जो तो आपल्या घरच्या श्रद्धेतलंच पाहतो. आत्म्यावर माझी निष्ठा आहे, पण तिला या अनुभवांचा टेकू मी देणार नाही. हे सगळे उंबरठ्यावरून परतलेले. पलीकडचं त्यांच्याकडून कसं कळणार?

त्याच पार्नियांच्या २०२३ च्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. छाती दाबणं चालू असताना, हृदय थांबून बराच वेळ झाल्यावरही, काहींच्या मेंदूत जाणिवेशी जुळणाऱ्या लहरी उमटल्या. काहींत जवळपास तासाभरापर्यंत. म्हणजे आपण "गेला" म्हणून टाहो फोडतो तेव्हा तो कदाचित गेलेला नसतो.

दुर्धर आजारानं खंगलेल्या, वाट पाहत पडलेल्या वृद्धाला खाली घ्यावं, नाम ऐकवावं; तिथं छाती दाबणं हा छळ. पण वावरात तुरीच्या ओळीत अचानक कोसळलेला चाळिशीचा गडी? त्याला गंगाजल पाजत बसणं आणि "देवाची मर्जी" म्हणणं हा मला अधर्म वाटतो. देवाच्या मर्जीवर आपण आपल्या थकव्याची, भीतीची सही करतो. बाल्टिमोरमध्ये १९६० साली विजेचे इंजिनिअर कौवेनहोवेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की छाती न फाडता नुसत्या हातांनी दाबूनही रक्त फिरतं. सावित्री यमाच्या मागं चालत गेली, तिला कुणी नास्तिक म्हटलं नाही.

अकोला इथून तीसेक किलोमीटर, आणि रक्त न मिळालेला मेंदू चार-पाच मिनिटांतच खराब होऊ लागतो. म्हणून प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी मी सांगतो, इथंही सांगतो: माणूस हाक मारून उठत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर एकानं १०८ ला फोन लावा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबा. गाडी येईपर्यंत थांबू नका. तुळशीचं पान नंतर ठेवता येतं.