थकलेली ओवाळणी

भाऊबीजेला आक्का मला ओवाळते, तेव्हा मी तिच्याशी सावकाश बोलतो. ती माझे ओठ पाहते आणि हसते. आक्का माझी आतेबहीण. २००९ साली तिला क्षय झाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. कित्येक महिने रोज इंजेक्शने घ्यावी लागली. क्षय हटला, पण त्या इंजेक्शनांनी तिचे कान नेले.

डॉक्टरांना दोष कसा द्यावा? हाताशी होते तेच त्यांनी दिले. १९५२ साली आयसोनायझिड आले, पुढच्या दशकात रिफॅम्पिसिन सापडले, आणि श्रीमंत देशांना वाटले, क्षय आता संपलाच! पैसा आटला, संशोधक दुसरीकडे वळले. क्षयाच्या जंतूवर अगदी नव्या रीतीने घाव घालणारे बेडाक्विलिन अमेरिकेत मंजूर झाले, ते २०१२ च्या डिसेंबरात. मध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. आज अशा बहुतेक रोग्यांचे गोळ्यांवर भागते. आक्काच्या कानांसाठी मात्र त्या गोळ्या उशिरा आल्या.

आमच्या शाळेतले एक स्नेही म्हणतात, "गुरुजी, रोगी दारात खोकतो आहे, आणि तुम्ही प्रयोगशाळेला पैसे द्या म्हणता?" प्रश्न खोटा नाही. दारातल्या रोग्याला औषध देणे हा धर्मच आहे. पण ते औषध आले कोठून? हा रोगी ज्यांना कधी दिसणार नव्हता, अशा माणसांच्या कष्टांतून आणि पैशांतून.

तुमच्या-आमच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहा. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून गुरांच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवला. तो निवावा म्हणून सुमारे तीन-तीन आठवड्यांनी त्याला नव्या बटाट्यावर नेले. तेरा वर्षांत असे २३० वेळा! मध्ये महायुद्ध आले, शहर जर्मनांच्या ताब्यात गेले, पण क्रम मोडला नाही. १९२१ साली ती लस पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिली गेली. दहाव्या वर्षी कोणी "अजून काही हाती लागत नाही" म्हणून हात आखडता घेतला असता, तर दहा वर्षांचे कष्ट बटाट्यांबरोबर कुजले असते.

म्हणून मला वाटते, हे दान सणावारी करून भागायचे नाही. नंदादीपात घालतो तसे यात रोज तेल घालावे लागते. आणि त्याचा उजेड बहुधा दुसऱ्याच्याच घरात पडतो.

आक्काच्या ताटात मी दरवर्षी नोट ठेवतो. ती घेते, डोक्यावर हात ठेवते. मला मात्र वाटत राहते, तिची खरी ओवाळणी आपण सर्वांनी मिळून चाळीस वर्षे थकवली होती.