सत्तर पानांचा पुडा

माणसाला मोजायचं कशानं, हा प्रश्न तत्त्वज्ञांना छळतो म्हणे. आम्हा बँकवाल्यांना छळत नाही. आम्ही खात्यातली शिल्लक बघतो, शाळा मार्क बघते. दोघांनाही रात्री झोप लागते.

माझी उडाली ती गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत, मे महिन्यात. 1 मेला शाळांचे निकाल लागतात आणि त्याच सुमारास तेंदूपानांचा हंगाम जोरात असतो. काउंटरवर बापलेक आले. पोरगं पाचवीतलं. बाप म्हणाला, "साहेब, याले गणित येत नाही म्हणते शाळेत." आणि पुरावा म्हणून प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं. गणितापुढे शेरा होता : 'सुधारणा आवश्यक.'

मी सहज विचारलं, "काय रे, काल पुडे किती झाले?"

"दीडशे."

इकडे 70 पानांचा एक पुडा. "मग पानं किती झाली?" असं विचारून मी हळूच कॅल्क्युलेटरकडे हात नेला. (बी.कॉम., प्रथम वर्ग!) हात पोचायच्या आत उत्तर आलं, "साडेदहा हजार."

आता बोला!

2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मार्कांऐवजी श्रेणी, आणि शिक्षकांनी मुलाकडे वर्षभर बघून नोंदी करायच्या. कल्पना सोन्यासारखी. पण नोंदी भरता भरता बघायचं राहून जातं. आमच्या बँकेतला गोपनीय अहवाल तसाच : 'काम समाधानकारक, वर्तणूक चांगली.' लिहिणाऱ्या साहेबांना माझं नावही धड ठाऊक नव्हतं! पुढे 2023 मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली.

त्या दिवशी मी परीक्षेला शिव्याच घालणार होतो. पण जीभ अडली. कारण या खुर्चीवर मला परीक्षेनंच बसवलंय. तिनं माझा बाप कोण, हे विचारलं नाही. उलट, मला 'ओळखणारे' सगळे म्हणायचे, "पोरगा दुकानात वजनं छान करतो हो!" त्यांचं ऐकलं असतं तर आज मी तागडीमागे असतो. या पोरालाही कुणी 'तेंदूत हुशार' असं प्रशस्तिपत्रक दिलं, तर ते कौतुक त्याला जन्मभर पुड्यालाच बांधून ठेवायचं.

म्हणून माझा आपला हिशेब साधा आहे. दारावरचं माप सगळ्यांना एकच असावं, नाहीतर वशिल्याचं फावतं. पण 'याला येत नाही' असं लिहिण्याआधी कुणीतरी त्याला एकदा त्याच्या पुड्यांत विचारावं. एवढी तसदी ना परीक्षा घेते, ना नोंदवही. ती माणसालाच घ्यावी लागते.

प्रगतिपुस्तक परत देताना तो शेरा पुन्हा वाचला. 'सुधारणा आवश्यक.' कोणाची, ते काही लिहिलेलं नव्हतं.

बापलेक गेल्यावर मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहिला. पोराचं बरोबर होतं.