आईची गाय आणि मिशनचा न्याय

1560 च्या जानेवारीत गोव्याहून निघालेला जेझुइट धर्मोपदेशक गोंसालु द सिल्व्हेरा वर्षअखेरीस झांबेझीच्या दक्षिणेस मुतापा राजाच्या मुलखात पोचला, तेव्हा दरबाराकडून त्याची पहिली विचारपूस झाली ती, पोर्तुगीज वृत्तांतांवर विश्वास ठेवायचा तर, अशी की पाहुण्यांना स्त्रिया किती हव्यात, सोने किती, जमीन किती आणि गाई किती. सिल्व्हेराने यांपैकी काहीच मागितले नाही. थोड्याच दिवसांत राजाला व राजमातेला बाप्तिस्मा दिला, आणि 1561 च्या मार्चमध्ये दरबारी कारस्थानाला बळी पडून तो मारला गेला. पण ती चार कलमी विचारपूस मात्र युरोपीय मनात कायमची घर करून बसली. ज्या समाजात स्त्री आणि गाय एकाच दमात मोजली जाते, त्या समाजात स्त्री ही विक्रीची वस्तू असणारच, असा निष्कर्ष पुढे 1890 नंतर माशोनालँडात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या शोना लोकांच्या मुलखात, आलेल्या मिशनऱ्यांनी जवळजवळ विनाचौकशी काढला, आणि शोना विवाहाविषयीची ख्रिस्ती भूमिका दीर्घकाळ याच निष्कर्षावर उभी राहिली.

शोना लोकांत वराकडून वधूच्या घराण्याला जे देज दिले जाते त्याला रोरा म्हणतात. ते एकरकमी नसते. मुन्याई नावाचा मध्यस्थ वधूच्या दारी येतो, जमिनीवर बसून हातांची ओंजळ करून संथ टाळ्या वाजवतो, आणि समोरच्या लाकडी ताटात आधी केवळ ‘तोंड उघडण्याचे’ पैसे ठेवतो. त्यानंतर बापाची दाढी कुरवाळल्याबद्दल, आईने पोट सांभाळल्याबद्दल, अशा नाना कारणांच्या रकमा एकामागून एक ताटात पडत जातात, बोलण्याचालण्यात चूक झाली की दंड बसतो, आणि थट्टामस्करीत, रुसव्याफुगव्यात दिवस मावळतो. याच बैठकीत मुलीला पुढे बोलावून विचारतात, की या लोकांना तू ओळखतेस का, आम्ही हे घ्यावे का. आणि ती होकार देऊन ताटातला आपला वाटा स्वतःच्या हाताने उचलते. गुरांची फेड तर वर्षानुवर्षे चालते, आणि ती पूर्ण फिटू नये असाच संकेत असतो, कारण फिटली की सोयरीक संपली. ज्या सौद्यात विकणाऱ्यालाच किंमत पुरती वसूल व्हायला नको असते, त्याला खरेदी म्हणणे हे निदान हिशेबाच्या दृष्टीने तरी विचित्र होय.

म्हणून मिशनांचा सारा आक्षेप अज्ञानमूलक होता असे म्हणून मोकळे होणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. कुझ्वारिरा नावाची एक चाल होती, जीत दुष्काळात किंवा कर्जात सापडलेला बाप अल्पवयीन, कधी कधी न जन्मलेल्या मुलीचाही वायदा एखाद्या सधन, वयस्क माणसाला करून ठेवी. आणि खुनाच्या प्रायश्चित्तार्थ दुसऱ्या घराण्याला मुलगी देऊन टाकण्याचीही वहिवाट होती. अशा मुली रात्री-अपरात्री पळून मिशनांच्या आश्रयाला येत, आणि त्यांच्यामागे बाप, भाऊ, भावी नवरे दावे घेऊन येत. त्या काळी त्या मुलींना थारा देणारी दुसरी जागा जवळपास नव्हती, हे मिशनांचे श्रेय त्यांच्यापासून हिरावून घेता येणार नाही. वसाहती सरकारच्या 1901 च्या वटहुकुमाने वधूची संमती आवश्यक ठरवली व विवाहाची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली, त्यामागेही हा अनुभव होताच. माझी तक्रार वेगळी आहे. मिशनांनी प्रथेतले काय टाकले आणि काय ठेवले याचा ताळेबंद मांडला, तर पुष्कळदा त्यांनी स्त्रीला आधार देणारे ते टाकले आणि पुरुषाला अधिकार देणारे ते सांभाळले, असे दिसते.

रोराच्या गुरांत एक गाय बापाची नसते. तिला ‘मोंबे येउमाई’ म्हणजे आईची गाय म्हणतात. ती जिवंतच द्यावी लागते, तिच्याऐवजी रोकड चालत नाही; ती वधूच्या आईची स्वतःची मालमत्ता होते, तिची वासरेही आईचीच, आणि पुढे काडीमोड झाला तरी ती परत मागता येत नाही. शोना कायद्यात बाईला स्वतःची म्हणता येईल अशी मिळकत दोनच वाटांनी येई, एक हातच्या कष्टाची आणि दुसरी या मातृत्वाची. नवरा मेला तरी दिरांना त्या गाईवर हात टाकता येत नसे, कारण ती गाय आईच्या माहेरच्या पितरांची असे, आणि ती बुडवणाऱ्याच्या घरात अरिष्ट येते अशी दृढ समजूत होती. आता मेख अशी की ज्या पितरांच्या धाकाने ही मिळकत सुरक्षित राहिली, ते पितरच ख्रिस्ती उपदेशकाच्या लेखी त्याज्य! पितरपूजेशी जोडलेले जे जे संशयित ठरले त्यात या गाईची गणना होणे अपरिहार्य होते, आणि आजही कित्येक पेंटेकोस्टल व्यासपीठांवरून तिच्यापासून जपून राहण्याचा उपदेश होतो. बापाच्या गुरांना मात्र पितरांचा असा विटाळ कोणी चिकटवला नाही. त्यांवर महागाईची, लोभाची टीका झाली, मर्यादा घातल्या गेल्या (1950 च्या कायद्याने ती वीस पौंडांवर आणून ठेवली, आणि ती कोणी पाळली नाही), पण बापाचा घेण्याचा हक्क अबाधित राहिला.

आत्येची गोष्टही अशीच. तेते, म्हणजे बापाची बहीण, हीच मुलीला संसाराची, शरीराची, नवऱ्याच्या घरच्या माणसांची जाण देई, आणि पुढे भांडण झाले तर भावाला दोन शब्द सुनावण्याचा अधिकारही तिचाच. मिशनने तिच्या जागी गुरुवारच्या महिला प्रार्थनासभा आणल्या, ज्यांचा लाल झंपर आणि पांढरी टोपी हा मेथॉडिस्ट बायकांचा अभिमानाचा गणवेश झाला. त्या सभांनी बायकांना मोठे बळ दिले हे खरेच. पण अनेक ठिकाणी तो गणवेश चर्चमध्ये लग्न लागलेलीलाच मिळे, आणि रीतीप्रमाणे नांदणारी, चार मुलांची आई असलेली बाई मागच्या बाकावर बसे.

याहून मोठा उपरोध शिक्षणाचा आहे. रोरा म्हणजे विक्री, हे आरोपाच्या वेळी खरे नव्हते. ते खरे व्हायला हातभार लावला तो मिशनच्याच शाळांनी. मुलीला शिकवले, परिचारिका केली, शिक्षिका केली, की बाप खर्चाचा हिशेब मांडू लागला. गाईंच्या जागी नाणी आणि आता अमेरिकन डॉलर आले, आणि शिकलेल्या मुलीचा रोरा न शिकलेलीपेक्षा जास्त, ही गोष्ट कोणाला विपरीत वाटेनाशी झाली.

1932 साल मला या इतिहासात विलक्षण वाटते. त्या वर्षी कॅथलिक बिशप चिचेस्टर यांनी आफ्रिकी जोगिणींचा एक संघ स्थापन केला. गुरांच्या आशेवर पाणी पडेल म्हणून मुलीला तिकडे जाऊ न देणारे बाप इतके होते, की पुढे हरारेचे आर्चबिशप झालेल्या पॅट्रिक चकाइपांनी आपल्या ‘रुदो इबोफु’ या शोना कादंबरीचा विषयच अशा बापलेकीच्या संघर्षाचा केला. आणि त्याच वर्षी मरांगे भागात जोहाने मरांगे यांना दृष्टांत होऊन त्यांचे प्रेषितीय चर्च उभे राहिले, ज्याने बायबल हाती धरूनच बहुपत्नीत्वाला मान्यता दिली, आणि ज्याच्या काही मंडळींत पोरवयातल्या मुलींची लग्ने आजतागायत होत आली आहेत. एका मिशनने मुलीला न लग्न करण्याचा हक्क दिला, दुसऱ्या चर्चने न कळत्या वयातले लग्न पवित्र केले; दोन्ही स्वतःला ख्रिस्ताचेच म्हणवत. बहुपत्नीक माणसाला बाप्तिस्मा नाकारणारा अँग्लिकन बिशपांचा 1888 चा लँबेथ ठराव काही अटींवर सैल व्हायला 1988 उजाडले. मधल्या शंभर वर्षांत ‘एक ठेव, बाकीच्या सोड’ या आज्ञेमुळे ज्या सोडल्या गेल्या, त्या बायकांची दखल कोणत्या धर्मसभेने घेतली?

आज परिस्थिती उलटली आहे. झिंबाब्वेत कित्येक पाळक रोरा ठरल्याची वधूपित्याकडून खातरजमा झाल्याखेरीज वेदीपाशी जोडप्याला उभे करीत नाहीत. आणि 2022 चा विवाहकायदा करताना, सज्ञान जोडप्याच्या विवाहाला रोराचा अडसर नसावा की असावा, यावर पारंपरिक प्रमुख आग्रहाने बोलले. ज्याला विक्री म्हटले त्याचाच दाखला आता चर्च मागते, यात मला तडजोडीपेक्षा सोय अधिक दिसते. कसोटी लागते ती बायको मेल्यावर. रोरा बाकी असेल, तर माहेरचे लोक प्रेत अडवतात, शवपेटी अंगणात असताना थकबाकीची बोलणी होतात, आणि ज्या पाळकाने ‘संमतीने विवाह पूर्ण झाला’ असे एके काळी वेदीपाशी घोषित केले असेल, तोही तडजोड होईपर्यंत हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन बाजूला थांबतो. त्या अंगणातल्या घासाघिशीत पाळकाने तोंड घालावे, आणि घालायचेच तर बापाच्या थकबाकीआधी आईच्या गाईची चौकशी करावी, असे म्हणणारे चर्च माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.