पाणी तुझं, घास माझा

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. पांढरीपुलाकडच्या माळावर एक काळवीट फुटक्या पाइपलाइनपाशी साचलेलं पाणी चाटत होतं. गाव म्हणजे घोडेगाव, तालुका नेवासा. नगरहून संभाजीनगरला जाताना लागतं. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी लोक ओळखतात. मी तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसात एसीखाली बसलो होतो. फोटो बघून घशाला कोरड पडली, हे खरं.

कुणीतरी लिहिलं, ‘आपण पाणवठा करू.’ बाहेरगावी नोकरीला असलेल्या आम्ही नऊ जणांनी अर्ध्या तासात यूपीआयवर पैसे जमवले. जागा आमच्याच रानातला पडीक तुकडा. बशीसारखा उथळ खड्डा, त्यात सिमेंटचा थर, आठवड्याला एक टँकर. पंधरा दिवसांत हरणं यायला लागली. पहाटेच्या उजेडात पाण्यात तोंड घातलेली पाच हरणं, असा फोटो मी स्टेटसला ठेवला. आयुष्यात इतके बदाम मला कधी मिळाले नव्हते.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा बांधाला बांध असलेले नाना भेटले. त्यांच्या दोन जर्सी गाई आणि गाईंसाठी केलेला दहा गुंठे घास. उन्हाळ्यात आसपास तेवढंच हिरवं. हरणं पाणी प्यायची आणि तिथूनच बांध ओलांडून घासात शिरायची. नाना भांडले नाहीत. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, “पाणी तुझं, घास माझा. पुण्य कुणाच्या खात्यावर मांडायचं, ते तू सांग. तू शिकलेला आहेस.”

मला उत्तर आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

आपल्याकडे पाणी पाजणं हे वादातीत पुण्य आहे. विहिरीपाशी गुरांसाठी दगडी हाळ बांधायचा, चैत्र लागला की पाणपोई घालायची. पण पाणपोईवरचा माणूस पाणी पितो आणि आपल्या वाटेनं जातो. काळवीट जात नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी वरचेवर लागतं, त्यामुळे जिथे पाणी तिथेच त्याचा मुक्काम. चिंकाऱ्याचं तसं नाही. पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो बरेच दिवस काढू शकतो, म्हणून पाण्यापासून लांबच्या कोरड्या डोंगरउतारांवरही टिकतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या डोंगरांत म्यूल डियर नावाचं हरीण असतं. त्याच्या पाडसाला पाजणाऱ्या माद्या भर उन्हाळ्यात पाण्याच्या जवळपास राहतात, कारण दूध तयार व्हायलाही पाणीच लागतं. म्हणजे पाणी ठेवणारा माणूस प्राण्याची तहान भागवतो आणि त्यानं कुठे राहायचं, काय खायचं, कुणाच्या तावडीत सापडायचं, हेही ठरवून टाकतो. आम्ही त्या हरणांना पाणी दिलं असं आम्हाला वाटत होतं. खरं तर त्यांना आम्ही नवा पत्ता दिला होता, आणि तो नानांच्या घराचा होता.

तावडीचं म्हणाल, तर आपल्या राज्यात वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला जंगलात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. त्या दिवसांत पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि तहानलेल्याला तिथे यावंच लागतं. ही गोष्ट मोजणाऱ्याला माहीत असते, तशी शिकाऱ्यालाही असते, बिबट्यालाही असते. आमच्या पाणवठ्याची बातमी गावातल्या मोकाट कुत्र्यांना लागली. एका सकाळी तिथे एक पाडस फाडलेलं सापडलं. त्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकला नाही.

हे मोठ्या प्रमाणावरही घडलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांसाठी बोअर घेऊन शेकडो पाणवठे केले गेले. उत्तरेच्या कोरड्या भागात रोन नावाचा दुर्मिळ मोठा कुरंग राहायचा. पाणी आलं तसे तिथे झेब्रे आले आणि झेब्र्यांमागे सिंह आले. त्यात दुष्काळाचीही भर पडली. १९८६ मध्ये साडेचारशेच्या आसपास असलेले रोन १९९३ पर्यंत पंचेचाळीसच्या आसपास उरले. पुढे तिथले बरेच पाणवठे बंद करण्यात आले. ज्यांनी बोअर घेतले त्यांच्या मनातही दयाच होती.

मग पाणी देऊच नये का? ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे वाक्य मला आधी फार पटायचं. पण आमच्या माळावर निसर्ग कुठे शिल्लक आहे? ओढ्याकाठचे झरे आमच्या बोअरनी आटवले. चराऊ रानं नांगरली गेली. मुळा धरणाचा उजवा कालवा आला, तालुक्यात ऊस आला, आणि बिबट्याही उसात राहायला आला. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं, ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. काळवीट एवढ्याशा जागेत मावत नाही. ते शेतात येणारच. कुणी कुठे राहायचं हे आपण केव्हाच ठरवत आलो आहोत. आता अचानक हात झटकून ‘मी काही करणार नाही’ म्हणणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत कोरड्या माळावरचा प्राणी देतो.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलं की द्यावं की देऊ नये, या प्रश्नावर फार अडकायचं नाही. देताना दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, या देण्याची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण भरणार आहे, आणि त्याला मी विचारलं आहे का? आम्ही नऊ जणांनी सगळा हिशेब केला होता, टँकर, सिमेंट, मजुरी. नानांचा घास त्या हिशेबात नव्हता, कारण नाना त्या ग्रुपवर नव्हते. दुसरी गोष्ट, पुढच्या वर्षी मी इथे असणार आहे का? प्राणी पाण्याची जागा लक्षात ठेवतात. एक उन्हाळा पाणी ठेवून दुसऱ्या उन्हाळ्यात विसरलो, तर सवय लावून पाठ फिरवल्यासारखं होईल. एका फोटोनं हेलावून दान करता येतं. पाणवठा चालवायला मात्र न हेलावता दर आठवड्याला टँकर सांगावा लागतो.

मागच्या वर्षी आम्ही तो खड्डा बुजवला नाही, पण त्यात पाणीही सोडलं नाही. वनखात्याच्या माणसाला आणि नानांना बरोबर घेऊन माळ फिरलो. डोंगराच्या पायथ्याशी, पिकांपासून आणि वस्तीवरच्या कुत्र्यांपासून लांब, नवा पाणवठा केला. जागा नानांनी दाखवली. त्यांच्या लहानपणी हरणं तिथल्याच डबक्यावर यायची म्हणे. त्यांच्या घासाला कुंपण घातलं, त्याचा निम्मा खर्च ग्रुपनं उचलला. नऊ जणांपैकी तिघं तेव्हा ग्रुप सोडून गेले, कारण कुंपणाला पैसे देणं त्यांना पटलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. कुंपणाचा फोटो स्टेटसला ठेवण्यासारखा नसतो.

जुन्या खड्ड्याकडे काही हरणं जूनपर्यंत येत राहिली. वास घ्यायची, कोरड्या सिमेंटपाशी थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. त्यातल्या किती जणांना नवी जागा सापडली, ते मला मोजता आलेलं नाही. नाना मात्र आता ग्रुपवर आहेत. टँकरला उशीर झाला की पहिला मेसेज त्यांचाच येतो.