उपाशीपोटीची साखर

आईच्या डब्यातले बेसनाचे लाडू मी एकदा मोजले होते. रात्री 11, सकाळी पुन्हा 11. तरीही माझा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीचा आकडा 168 आला होता आणि ती म्हणत होती की रात्री साडेआठला एक भाकरी आणि मेथीची भाजी, त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. मी म्हणालो, "आई, मशीन खोटं बोलत नाही." वाक्याचा पुढचा भाग मी उच्चारला नाही, पण तो तिला ऐकू गेला. नंतर आठवडाभर तिनं बोट टोचू दिलं नाही.

मशीन खोटं बोलत नव्हतं. आईही बोलत नव्हती.

प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साधारण 4-5 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू दिवसाला 100 ग्रॅमहून अधिक ग्लुकोज वापरतो. म्हणजे हा चमचा सारखा रिकामा होत असतो आणि सारखा भरावा लागतो. जेवणानंतर तो आतड्यातून भरला जातो. रात्री आपण झोपलेले असताना यकृत तो भरतं: थोडी साखर साठ्यातली, थोडी नव्यानं तयार केलेली. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन त्याला "पुरे" म्हणतं, तिथूनच येणारं ग्लुकागॉन "आणखी सोड" म्हणतं. टाइप 2 मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, आणि असतं त्याचंही यकृत नीट ऐकत नाही. पाहुणा नको-नको म्हणत असताना आग्रह करून वाढत राहावं, तसं ते रात्रभर साखर वाढत राहतं. सकाळचे ते 168 डब्यातून आलेले नव्हते. आई रोज घेत होती ती मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताच्या याच आग्रहाला आवर घालते. हे मला कळलं तोवर लाडू मोजून झाले होते.

त्या वेळी मी स्वतः काय खात होतो, हे आता आठवलं की लाज वाटते. लग्नाच्या पंगतीत चार गुलाबजाम खाऊन उठलो तरी दोन तासांत माझी साखर जागेवर. त्यात माझा संयम कुठेच नव्हता. जे काम माझं स्वादुपिंड न सांगता करत होतं, ते आईनं मनाच्या जोरावर, दिवसातून चार वेळा, आयुष्यभर करावं अशी अपेक्षा होती, आणि त्यात जरा कमी पडलं की उपदेश करायला मी हजर. घरात नळ असलेल्यानं विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला "आज एक घागर कमी दिसते" असं म्हणावं, त्यातला प्रकार.

प्रमेहाचे दोन प्रकार सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत: एक सहज, जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यातून झालेला. आपल्या स्वयंपाकघरांत त्यातला दुसराच तेवढा उरला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळ्या मापांनी लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. म्हणजे पहिला लाडू खाण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. (यावर कुणी लगेच "म्हणजे चूक आईच्या आईची" म्हणेल. गरोदरपणात त्या बाईच्या ताटात काय आणि कुणाच्या नंतर पडत होतं, ते आधी विचारावं.)

पण सगळं जन्मावर टाकूनही चालत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं यांचं नुकसान कमी होतं, हे त्यानं दाखवलं. पाच हजारांवर रुग्णांच्या त्याच अभ्यासातून हेही दिसलं की निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची ताकद निम्म्यावर आलेली असते आणि पुढे पथ्य पाळणाऱ्यांची काय, गोळ्या घेणाऱ्यांची काय, ती घटतच जाते. आईचे तेव्हाचे डॉक्टर दर भेटीत म्हणायचे, "काकू, ऐकलं नाहीत तर इन्सुलिन चालू करावं लागेल." त्यामुळे खरंच इन्सुलिन लिहून दिलं गेलं तेव्हा आई घरी येऊन मला म्हणाली, "माझं काय चुकलं रे?" टोरांटोत 1922 साली ज्या मुलांना पहिल्यांदा हे औषध मिळालं, ती मरणाच्या दारातून परत आली होती. आमच्या घरात तेच औषध शिक्षा म्हणून आलं.

यकृताची सगळी गोष्ट मी तिला उशिरा का होईना सांगितली, माफीही मागितली. पण त्या माफीत एक खोट होती, ती नंतर लक्षात आली. मी तिला निर्दोष ठरवत होतो, कारण तिनं खाल्लं नव्हतं. समजा सकाळी डब्यात 9 लाडू असते तर? माझा संशय खरा ठरला असता, पण मग डबा मोजण्याचा हक्क मला मिळाला असता का? सत्तरीतली बाई, तिनंच भाजलेलं बेसन, तिनंच वळलेले लाडू. आणि पहारा ठेवून निष्पन्न काय झालं असतं, तर ती लपवून खायला शिकली असती. लपवलेला घास डॉक्टरांना कळत नाही. ते आकडा पाहून औषध वाढवतात, आणि ज्या दिवशी तो घास नसतो त्या दिवशी वाढलेल्या औषधानं साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, कधी बेशुद्धी. या आजारात खोटं महाग पडतं, हे मला पटतं. मात्र खोटं बोलायची वेळ तिच्यावर कोण आणतं, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

आता आई रात्री इन्सुलिन घेते, पेनचे आकडे स्वतः फिरवते. मी फक्त वही लिहितो. गेल्या दिवाळीत तिनं सकाळी बोट टोचलं, 181 आले. मी तारीख आणि आकडा लिहिला, पुढे काही विचारलं नाही.

"काल रात्री एक लाडू खाल्ला," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं.

"दीड," ती म्हणाली. "दीड लिही."