चुना भिजू दे, बाय

म्हापसा, गोवा



तुझ्या आईकडून कळले की पणजीच्या आर्ट कॉलेजात तू आता रुळलीस, मावशीच्या हातचे हुमण तुला आवडू लागले, आणि कपड्यांवर रंगाचे डाग पडले तरी आता तू कुरकुरत नाहीस (लहानपणी शाईचा ठिपका पडला तरी घर डोक्यावर घ्यायचीस, हे मी तुझ्या मैत्रिणींना सांगणार नाही). ऐकून बरे वाटले. पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनात घोळत राहिली, म्हणून हे पत्र. कलेच्या इतिहासाच्या तासाला तुझे मन लागत नाही, सनावळ्या पाठ करण्यात जो वेळ जातो तेवढ्यात एक चित्र झाले असते, असे तू म्हणतेस. आणि पहिलेच वर्ष असून स्वतःची शैली कधी सापडणार, याची तुला रुखरुख लागली आहे. तू जीव ओतून काम करशील याबद्दल मला कधी शंका आली नाही. काळजी वाटते ती फक्त घाईची.

मी पेडण्याकडे शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जात असे. तिथले कावीचे काम तूही पाहिले आहेस, पण देवीला नमस्कार करता करता. आता एकदा शिकायला म्हणून जा. दोनच रंग, पांढरा आणि तांबडा, आणि दोन्ही इथल्याच मातीतले नि किनाऱ्यावरचे. शिंपल्या भाजून केलेला चुना धुतलेल्या वाळूत कालवायचा, गुळाच्या पाण्यात पुष्कळ दिवस मुरवायचा, मग कुटून कुटून लोण्यासारखा मऊ करायचा, तो भिंतीला लावायचा, त्यावर कावेचा पातळ हात द्यायचा, आणि हे सगळे ओले आहे तोवरच लोखंडी काट्याने तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. चुना वाळला की काम संपले. तिथे खोडायला रबर नाही आणि चुकले तर झाकायला जागा नाही. म्हणजे त्या कारागिराचा हात तुझ्यापेक्षाही भरभर चालत असणार. पण हात चालू लागायच्या आधी त्याचा चुना मुरलेला होता आणि काय काढायचे तेही डोक्यात मुरलेले होते. हाताचा वेग निराळा आणि मनाची घाई निराळी, एवढेच मला सांगायचे आहे. बाकीचे आजीची बडबड समज, पण वाच.

तू म्हणशील, आजी, सूझांची रेघ बघ ना, कशी एका दमात उतरली आहे! बघितली आहे, बाय. फ्रान्सिस न्यूटन सूझा आपल्या शेजारच्या साळगावचे, जन्म १९२४चा. जे. जे. स्कूलमधून त्यांना काढून टाकले आणि १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणाऱ्यांत ते पुढे होते, ही गोष्ट तुम्हा मुलांना फार आवडते (काढून टाकण्याचा भाग तू गिरवू नकोस म्हणजे झाले). पण त्या रेघेत लहानपणी पाहिलेली गोव्यातली इगर्ज आहे, तिथले जखमी संत आहेत, आणि आपल्या जुन्या देवळांवरची शिल्पेही आहेत. एवढे सगळे आत साठलेले होते म्हणून रेघ दमात उतरली. त्याच १९२४ साली जन्मलेले दुसरे, वासुदेव गायतोंडे. घराणे गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९४८ साली जे. जे.चा डिप्लोमा. हे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करीत, आणि रंग लावण्याआधी कितीतरी वेळ नुसते बसून राहत. त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षे झाली होती. एक झपाट्याचे, एक संथ; घाई दोघांनाही नव्हती.

आता हे जे आत साठवायचे, ते कुठून आणायचे? मला वाटते, इतिहासाचा तास त्यासाठीच आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर चित्रकाराने नुसत्या छटांनी गोलाई कशी आणली, हे एकदा नीट पाहिलेस तर तुझ्या स्टिल लाइफमधल्या तांब्याची गोलाई आपोआप सुधारेल. सनावळी ही फक्त खुंटी, बाय. खुंटीवर काय टांगतेस ते महत्त्वाचे. म्हणून वहीत साल लिहिलेस की शेजारी त्या चित्राचे बोटभर रेखाटन कर. मग पाठ करावे लागणार नाही, हातच लक्षात ठेवील. मराठीत वाचावेसे वाटले तर प्रभाकर बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हळूहळू वाच, एका बैठकीत संपवायचे ते पुस्तक नव्हे.

आणि हा इतिहास दूर पॅरिसला आहे असेही समजू नकोस. शनिवारी म्हापशाला येतेस त्या बसच्या वाटेवर पर्वरी लागते. तिथल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये अँजेलो द फोन्सेका यांची चित्रे आहेत. सांतइस्तेवचा हा माणूस, जन्म १९०२चा, शांतिनिकेतनात जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि परत येऊन त्याने मेरीमातेला साडी नेसवली, आपल्याकडच्या बाईसारखी जमिनीवर बसवली. ते पुष्कळांना रुचले नाही. मग पुण्याच्या एका आश्रमात राहून १९६७ साली जाईपर्यंत तो आपले काम करीत राहिला. लोक आज मान देतात की उद्या, याचा हिशेब त्याने ठेवला नाही. तुला शैलीची चिंता लागेल तेव्हा पर्वरीला उतर, तिकीट मी देईन. आणि तुमच्या कॉलेजच्या, अल्तिनोच्या टेकडीवरून खाली फोंतैन्यासमध्ये आलीस की फुंदासांव ओरिएंतमध्ये आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे आहेत. ते सांग्याचे, १८७० ते १९३५. घरच्याच माणसांना समोर बसवून त्यांनी केवढे पाहिले आहे! तुझ्या घरीही माणसे आहेत, तुझे आजोबा तर दुपारभर आरामखुर्चीत हालत नाहीत, असे मॉडेल तुला कॉलेजातही मिळायचे नाही.

या चित्रकारांच्या पिढीला शिकायचे तर मुंबईची जे. जे. किंवा शांतिनिकेतन गाठावे लागे. गोव्यात तुमचे कॉलेज निघाले ते १९७२ साली, आणि मडगावचे लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ तिथे प्राचार्य होते. ज्यासाठी ते लोक घर सोडून गेले, ते तुला बसच्या एका तिकिटात मिळते, म्हणून वर्गात उशिरा पोचू नकोस. आणखी जवळचे पाहायचे तर डिचोली तालुक्यात हरवळ्याची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली, सहाव्या-सातव्या शतकातली मानतात. पावसाळा सरला की आपण दोघी जाऊ. मी धबधब्यापाशी बसेन, तू जांभ्यावर उजेड कसा पडतो ते काढ. जांभा भोकाभोकांचा, त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून तिथे घडण साधी आणि भरीव आहे. दगड काय देतो हे ओळखून कोरणाऱ्याने हात आवरला आहे. तुमच्या वर्गात याला मोठे नाव असेल, मला एवढेच कळते.

आता तुझ्या सवयींबद्दल दोन शब्द, रागावू नकोस. पहाटे लवकर ऊठ. सकाळचा तिरपा उजेड अर्धा-पाऊण तासच तसा राहतो, मग सपाट होतो, आणि त्या वेळी फोनही वाजत नाही. शुक्रवारी सुट्टी आली तर उजाडताच म्हापशाच्या बाजारात जा. मडकी उतरवणाऱ्या, मयड्याची केळी मांडणाऱ्या, मिरच्यांच्या राशी घालणाऱ्या बायका अजून गिऱ्हाइकांत गुंतलेल्या नसतात. आधी काढ, मग हवा तर फोटो घे. उलटे केलेस तर डोळा आळशी होतो. एखादीने विचारले, बाय, माझे काढतेस का, तर लाजू नकोस, तिला दाखव, आणि तिच्याकडची दोन केळी विकत घे.

काटकसर कर, पण चुकीच्या जागी नको. कागदाच्या दोन्ही बाजू वापर, जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू मी तुझ्यासाठी जपून ठेवल्या आहेत. पेन्सिल बोटात धरवेनाशी झाली की टोपणात खुपसून पुरव. ब्रश वापरल्यावर लगेच धू, टोक जुळवून आडवा ठेव, पाण्याच्या डब्यात उभा ठेवला की केस वाकतात. महागड्या रंगाच्या ट्यूबा सरावाला नकोत. वेळेची काटकसर मात्र पाहण्यात करू नकोस. एका चित्रासमोर अर्धा तास बस, पहिली दहा मिनिटे कंटाळा येईल, तो येऊ दे. जे पाहिलेस ते लगेच आपल्या कामात उतरवायची धडपड नको. चेपणीची तोरे जशी मिठात, दगडाखाली राहू देतो, तसे त्याला राहू दे. वेळ झाली की ते स्वतःच वर येईल, आणि तेव्हा तुझ्या हाताला थांबवायची माझी हिंमत नाही.

चवथीला येशील तेव्हा नवी शैली घेऊन येऊ नकोस, भरलेली वही घेऊन ये. सोबत थोडे पैसे पाठवते आहे, त्याचा कागद घे. ब्रश जुनेच चालतात. अल्तिनोचा चढ पावसात निसरडा होतो, तो धावत चढू नकोस, आणि सकाळी काही न खाता निघू नकोस.

तुझी
आजी