मोबाइल कोणाच्या हातातून घ्यायचा?

पालकसभेत आम्ही एक वाक्य सवयीने बोलून जातो : "मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका." उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत सभेला बहुतेक अम्मीच येतात. त्या माना डोलावतात. एखाद्याचे अब्बा आलेच, तर मागच्या बाकावर बसून मोबाइल बघत असतात. हे आम्हाला दिसते, पण त्यांना आम्ही काही बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य आमच्यावर उलटले. नववीतल्या एका मुलीने इन्स्टाग्रामवर खाते उघडले होते. त्यावर होते काय? मेंदीच्या नक्ष्या आणि मैत्रिणींबरोबरचा एक फोटो. त्या फोटोखाली कुणा अनोळखी माणसाने घाणेरडे काहीतरी लिहिले. मुलीने स्वतः येऊन शाळेत सांगितले. आम्ही घरी कळवले, आणि सोबत आमचा नेहमीचा सल्लाही दिला. अब्बांनी मोबाइल काढून घेतला. ईदच्या सुट्टीनंतर मुलगीही शाळेत आली नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र रात्री एकपर्यंत गेम खेळायचा आणि वर्गात झोपायचा. त्याचा मोबाइल त्याच्याकडेच राहिला.

लिहिले परक्याने, सांगितले मुलीने, आणि शिक्षा झाली सांगणारीला. तेव्हापासून बंदीचा प्रश्न आम्हाला पूर्वीइतका सोपा वाटत नाही.

बंदीच नको, असे आमचे म्हणणे नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून तो लागू झाला. 16 वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक यांसारख्या ठिकाणी खाते ठेवता येत नाही. त्यात आम्हाला मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. दंड आहे तो कंपनीला, 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंत. मुलाला शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. ज्याने जाळे विणले त्याला जाब विचारायचा, हा न्याय आमच्या त्या मुलीच्या वाट्याला आला नाही.

आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. चांगलेच आहे. पण आमच्या कित्येक अम्मींच्या मोबाइलचा पासवर्ड मुलानेच ठरवलेला असतो. तिथे संमती कोण कोणाला देणार?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये काढलेली तोड आम्हाला जास्त पटते. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद व्हायचे, मोठ्यांचेसुद्धा. बंदी सगळ्यांवर आली की तिच्यातला अपमान निघून जातो. आमच्या शिक्षकखोलीत आम्ही हे करून पाहिले. मधल्या सुट्टीत मोबाइल कपाटात ठेवायचे ठरले. चौथ्या दिवशी कपाटाची किल्ली हरवली, की हरवली गेली, अल्लाह जाणे!

मग त्या दीड तासात करायचे काय? बी.एड.ला आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची 10 जीवनकौशल्ये घोकून परीक्षा दिली. निर्णय घेणे, भावना सांभाळणे, समोरच्याचे दुःख समजणे वगैरे. वर्गात आलो तेव्हा दिसले, दहावीच्या मुलाला एसटीच्या फलाटावर चौकशी करायची लाज वाटते, कारण मराठी चुकेल. बँकेत पैसे भरायची स्लिप पुढे आली की तो मामाला बोलावतो. म्हणून आता दर शनिवारी पाच-सहा मुलांना घेऊन आम्ही बाहेर पडतो. पोस्टात जायचे, बसच्या पाट्या वाचायच्या, भाजीवाल्या मावशींकडून सुट्टे पैसे नीट मोजून घ्यायचे. एक मुलगा सगळ्यांत सफाईने मराठी बोलला. कुठे शिकलास विचारले, तर म्हणाला, "रील देखके, सर." आमचे तीन वर्षांचे मराठीचे तास त्याच्या एका उत्तरात वाहून गेले! मोबाइलला सरसकट शिव्या घालणे त्या दिवसापासून आम्ही थोडे कमी केले.

मात्र एक कौशल्य आम्ही अजून कोणालाच शिकवू शकलेलो नाही. वाईट घडले की ते मोठ्यांना येऊन सांगणे. त्या मुलीला ते न शिकवता येत होते. तिचे काय झाले, हे वर्गातल्या बाकीच्या मुलींनी पाहिले आहे. त्यानंतर एकही मुलगी असे काही सांगायला आमच्याकडे आलेली नाही. त्यांच्या बाबतीत काही घडतच नाही, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे-तिघे शिक्षक तिच्या घरी गेलो. 17 नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसू शकते, असे सांगितले. चूक आमचीही होती, हेही सांगितले. ती पडद्याआड उभी राहून ऐकत होती. अब्बांनी चहा पाजला. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यात मोबाइल नंबर द्यावा लागतो. कोणाचा लिहायचा, आम्ही विचारले. अब्बा बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोचके बोलता, सर."

येत्या जुम्याला आम्ही पुन्हा जाणार आहोत.